लोककथांचे संग्राहक रेव्हरंड लालबिहारी डे

दिवेलागण झाली, परवचा म्हणून झाला, जेवणें उरकलीं, कीं घरांतील आजीबाईंच्या भोंवतीं मुलांचा गराडा पडावा आणि आटपाट नगराच्या राजाराणीपासून त्यांनीं गोष्टीस आरंभ करावा, हा क्रम आमच्या देशांत किती शतकें चालत आला असेल, हें कोणास सांगतां येणार नाहीं. राजे गेले, राज्यें बुडालीं, परंतु हें आजीबाईंचें विद्यापीठ बंद पडलें नाहीं. तेथें फी नव्हती, पुस्तक नव्हतें, परीक्षाहि नव्हती. तरी दुबळ्यास छळूं नये, लोभानें हातचें जातें, रागाच्या भरांत केलेलें कृत्य जन्मभर जाळतें, हे धडे जितके तेथें मनावर ठसले तितके क्वचितच दुसरीकडे ठसले असतील. परंतु जी विद्या केवळ तोंडानें दिली जाते आणि कानानें घेतली जाते, ती एका पिढीनें ऐकण्याचें सोडलें कीं कायमची नाहींशी होते. हा धोका ओळखून, उतारवयांत, आपल्या मोठ्या पदाचा विचार न करितां, म्हातारा न्हावी, वृद्ध भटजी व जुना घरगडी यांच्यासमोर शिष्याप्रमाणें बसलेल्या एका विद्वान् गृहस्थांचें चरित्र आम्ही आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांचें नांव रेव्हरंड लालबिहारी डे.

लालबिहारी यांचा जन्म १८२४ सालच्या डिसेंबर महिन्यांत बंगाल प्रांतांतील वर्धमान शहराजवळच्या सोनापलाशी ह्या खेड्यांत झाला. जात सुवर्णवणिक, म्हणजे पिढीजात सोन्यानाण्याचा व्यवहार करणाऱ्यांची. परंतु ह्या घरांत सोनें नव्हतें. वडील कलकत्त्यास राहून हुंड्यांची लहानशी दलाली करीत व तिच्यावर संसार चालवीत. बालपण गांवींच गेलें. भातशेतीनें वेढलेलें खेडें, मधोमध तळें, काठीं वडाचीं झाडें, आणि गुरुजींची पाठशाळा, एवढेंच त्या बालकाचें जग होतें.

ह्या जगांत दिवसाचा गुरु एक आणि सायंकाळचा गुरु दुसरा होता. सायंकाळचा गुरु म्हणजे गांवांतील एक म्हातारी. तिचें स्वतःचें नांव कोणी उच्चारीत नसे. शंभूची आई म्हणूनच ती सर्वांस ठाऊक होती. गोष्टी सांगण्यांत तिचा हात धरणारें गांवांत कोणी नव्हतें. राक्षसिणीच्या कैदेंतील राजकन्या, तळ्याच्या तळाशीं लपविलेला जीव, बोलणारे पक्षी, झाडावरचीं भुतें, गरीब ब्राह्मण आणि त्यावर प्रसन्न झालेली देवी, असें सगळें विश्व तिच्या जिभेवर नांदत होतें. आमच्या व्रतांच्या कहाण्या जशा सुफळ संपूर्ण होतात, तशी तिचीहि प्रत्येक गोष्ट एका ठराविक बडबडगाण्यानें संपत असे. गोष्ट सरली म्हणून कांटेझाड वाळलें, तें कां वाळलें तर गाईनें खाल्लें म्हणून, गाईनें कां खाल्लें तर गुराखी चारीत नाहीं म्हणून, अशा एकांतून एक निघणाऱ्या प्रश्नांची ती सांखळी होती. तिचा अर्थ काय, हें पुढें प्रोफेसर झाल्यावरहि लालबिहारींस उलगडलें नाहीं. मुलांच्या करमणुकीखेरीज तिचा दुसरा हेतु त्यांस दिसेना. परंतु तें गाणें ते विसरले नाहींत.

१८३४ सालीं वडील त्यांस घेऊन कलकत्त्यास आले. वर्धमानपर्यंत आगगाडी येण्यास अजून वीस वर्षांहून अधिक अवकाश होता, त्यामुळें कलकत्ता म्हणजे त्या मुलास परदेशच. मुलानें इंग्रजी शिकून पोटापुरती नोकरी मिळवावी, एवढीच त्या गरीब पित्याची इच्छा होती. हिंदु कॉलेजाची फी त्यांस परवडण्यासारखी नव्हती. चार वर्षांपूर्वीं, म्हणजे १८३० सालीं, अलेक्झांडर डफ ह्या स्कॉटिश मिशनरी गृहस्थांनीं एक शाळा काढिली होती व तेथें फी पडत नसे. तेथें मुलगा घातल्यास तो ख्रिस्ती होईल, अशी भीति इष्टमित्रांनीं घातली. त्यावर वडिलांनीं उत्तर दिलें, कीं मुलास पंडित करण्याचा आपला मानस नाहीं. धर्माचीं व्याख्यानें समजण्याइतकी त्याची मजल जाण्यापूर्वींच आपण त्यास शाळेंतून काढूं, आणि कपाळींच लिहिलें असेल तर तें कोणास टाळतां येणार आहे?

तो काळ पाहण्यास वडील राहिले नाहींत. मुलाचें शिक्षण चालू असतांनाच ते वारले आणि लालबिहारींवर पोरकेपण आलें. नातेवाइकांच्या आश्रयानें, पुस्तकें उसनीं आणून, पोटास चिमटा घेऊन त्यांनीं अभ्यास चालू ठेविला व दहा वर्षांत ते शाळेंतील अग्रगण्य विद्यार्थी ठरले. १८४२ सालीं, अवघ्या अठराव्या वर्षाच्या आंत, हिंदु धर्माचें खंडन करणाऱ्या एका निबंधास त्यांस बक्षीस मिळालें आणि १८४३ च्या जुलै महिन्यांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्या काळीं असें पाऊल टाकणाऱ्या तरुणास घर, जात आणि गांव या तिहींस मुकावें लागे. त्यांच्या ह्या निर्णयाविषयीं वाचकांचीं मतें आपापल्या श्रद्धेप्रमाणें भिन्न होतील, आणि तो वाद येथें करण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. परंतु एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जुन्या घरापासून इतक्या दूर गेलेला हा तरुणच पुढें त्या घरांतील गोष्टींचा राखणदार झाला. तें कसें झालें, हाच ह्या चरित्राचा गाभा आहे.

१८५५ पासून १८६७ पर्यंत लालबिहारी हे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड ह्या मंडळीचे धर्मोपदेशक होते. कांहीं वर्षें त्यांनीं कालना येथें काम केलें, पुढें कलकत्त्यास केलें. ह्याच काळांत पारशी ख्रिस्ती धर्मोपदेशक होर्मसजी पेस्तनजी यांची कन्या बच्चूबाई यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. होर्मसजी हे १८३९ सालीं मुंबईंत डॉक्टर विल्सन यांच्या मिशनमध्यें बाप्तिस्मा घेतलेल्या पहिल्या पारशी तरुणांपैकीं एक होत. बंगालच्या ह्या विद्वानाचा असा आमच्या मुंबई इलाख्याशींहि ऋणानुबंध जडला.

लालबिहारी स्वभावानें मानी होते. काम सारखें, शिक्षण सारखें, मग मिशनच्या कारभारी मंडळांत परदेशी गृहस्थांस जागा आणि हिंदी उपदेशकांस मज्जाव, हें त्यांस मान्य झालें नाहीं. त्यांनीं समान अधिकार मागितला. ह्या प्रकरणीं खुद्द डफसाहेबांशीं त्यांचा मतभेद झाला. ज्या गुरूनें आपणांस विद्या दिली त्याच्यापुढें उभें राहून हक्काची गोष्ट बोलणें सोपें नसतें. पण त्यांनीं ती बोलून दाखविली आणि तरी गुरुभक्ति सोडली नाहीं. १८७८ सालीं डफसाहेब वारल्यावर दुसऱ्याच वर्षीं लालबिहारींनीं त्यांच्या आठवणींचा ग्रंथ लिहिला व त्यांत आपल्या गुरूचे गुण मोकळ्या मनानें गाइले. विरोध करावा तर असा करावा आणि कृतज्ञता बाळगावी तर अशी बाळगावी, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं मनांत ठेवण्यासारखें आहे.

१८६७ सालीं ते सरकारी शिक्षणखात्यांत शिरले. प्रथम बहरामपूर येथील शाळेचे प्रमुख झाले आणि १८७२ पासून हुगळी कॉलेजांत इंग्रजी वाङ्मयाचे व तत्त्वज्ञानाचे प्रोफेसर म्हणून त्यांनीं निवृत्त होईपर्यंत काम केलें. अध्यापनाबरोबर लेखनहि चाललेंच होतें. अरुणोदय नांवाचें बंगाली नियतकालिक त्यांनीं चालविलें. इंग्रजी पत्रेंहि चालविलीं. १८७२ सालीं त्यांचें बेंगॉल मॅगझिन निघूं लागलें. त्यांचें इंग्रजी इतकें सरळ आणि सफाईदार असे, कीं वाचणारास तें परभाषेंत लिहिलेलें आहे अशी शंकाहि येऊं नये.

अशा माणसास शेतकऱ्याच्या झोंपडीची आठवण राहील, असें कोणास वाटलें नसतें. परंतु १८७१ सालीं उत्तरपाड्याचे जमीनदार बाबू जयकृष्ण मुखर्जी यांनीं बंगालमधील खेडुतांच्या व कष्टकऱ्यांच्या घरगुती आणि सामाजिक जीवनावर उत्तम कादंबरी लिहिणारास पन्नास पौंडांचें बक्षीस जाहीर केलें. लालबिहारींनीं गोविंद सामंत नांवाच्या एका रयतेची जीवनकथा इंग्रजींत लिहिली. बक्षीस तिलाच मिळालें व १८७४ सालीं ती प्रसिद्ध झाली. तींत राजवाडे नाहींत, लढाया नाहींत; नांगर आहे, बैल आहेत, सावकार आहे, जमीनदाराचा जुलूम आहे, दुष्काळ आहे, आणि ह्या सर्वांत सचोटीनें जगूं पाहणारा एक गरीब मनुष्य आहे. पुढें थोर सृष्टिशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांनीं १८८१ सालीं प्रकाशकांस पत्र लिहून, ह्या पुस्तकापासून आपणांस आनंद झाला व बोधहि मिळाला, हें लेखकास कळवावें, असें सांगितलें.

ह्या कादंबरींतच आमच्या विषयाचें बीज आहे. लहानगा गोविंद रोज सायंकाळीं गांवांतील एका म्हातारीकडे जाऊन गोष्टी ऐकत बसतो, असें लालबिहारींनीं वर्णिलें होतें, आणि त्या म्हातारीस त्यांनीं शंभूची आई हेंच नांव दिलें होतें. तें पुस्तक कॅप्टन रिचर्ड कार्नाक टेंपल यांच्या वाचनांत आलें. १८७७ ते १८८० ह्या सालांत मुंबईचे गव्हर्नर असलेले सर रिचर्ड टेंपल यांचे हे चिरंजीव. त्यांस लोककथांचा मोठा नाद होता. त्यांनीं लालबिहारींस पत्र लिहिलें, कीं हिंदुस्थानांतील म्हाताऱ्या बाया सायंकाळीं मुलांस ज्या गोष्टी सांगतात त्या अजून कोठें लिहिलेल्या नाहींत; तुम्हींच त्यांचा एक संग्रह कां करीत नाहीं?

पत्र वाचून लालबिहारींनीं शंभूच्या आईच्या गोष्टी आठवून पाहिल्या, तों त्यांस मोठा धक्का बसला. शेंकडों गोष्टी त्यांनीं लहानपणीं ऐकिल्या होत्या, पण आतां एकहि धड आठवेना. डोकें एका गोष्टीचें, धड दुसरीचें आणि पाय तिसरीचे, अशी गत झाली. म्हातारी तर केव्हांच परलोकीं गेली होती. जर्मनींतील ग्रिमबंधूंचा संग्रह, नॉर्वेकडील कथा, आइसलंडच्या कथा, स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखांतील कथा, हें सर्व त्यांनीं वाचलें होतें. परंतु आपल्याच गांवच्या कथा त्यांस सांगतां येईनात. वाचकहो, ज्या दिवशीं विद्वानास आपलें अज्ञान कळतें तो दिवस त्याच्या चरित्रांत मोठा समजावा. कित्येकांनीं अशा वेळीं आठवत नाहीं तेथें कल्पनेनें भर घातली असती. कोण तपासायला येणार होतें? लालबिहारींनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं गोष्टी सांगणाऱ्या माणसांचा शोध आरंभिला.

प्रथम त्यांस एक बंगाली ख्रिस्ती बाई भेटली. लहानपणीं, माहेरचे लोक हिंदु असतां, तिनें आपल्या आजीच्या तोंडून पुष्कळ गोष्टी ऐकिल्या होत्या. ग्रिमबंधूंस कासल शहराजवळच्या एका शिंप्याच्या बायकोनें अनेक गोष्टी पुरविल्या होत्या, तशी आपणांस ही मिळाली, असें लालबिहारींस वाटलें. तिनें दहा गोष्टी सांगितल्या आणि तिचा सांठा संपला. मग एका वृद्ध ब्राह्मणानें दोन सांगितल्या, एका म्हाताऱ्या न्हाव्यानें तीन, एका जुन्या गड्यानें दोन, आणि उरलेल्या पांच दुसऱ्या एका वृद्ध ब्राह्मणाकडून मिळाल्या. अशा बावीस गोष्टी झाल्या. ह्यांपैकीं एकासहि इंग्रजीचें अक्षर येत नव्हतें. लालबिहारी त्यांच्याकडून बंगालींत गोष्ट ऐकत आणि घरीं येऊन ती इंग्रजींत उतरीत. प्रत्यक्षांत त्यांनीं बावीसांहून पुष्कळच अधिक गोष्टी ऐकिल्या. परंतु ज्यांत मागाहून कोणी पदरची भर घातली आहे असा संशय आला, त्या त्यांनीं वगळून टाकिल्या. १८८३ सालीं लंडनच्या मॅकमिलन कंपनीनें हा संग्रह बंगालच्या लोककथा ह्या अर्थाच्या नांवानें छापला. अर्पणपत्रिकेंत ज्यांनीं ही कल्पना सुचविली त्या टेंपलसाहेबांचें नांव आहे. प्रस्तावनेंत शंभूच्या आईचें स्मरण आहे. आणि म्हातारीचें तें शेवटचें बडबडगाणेंहि पुस्तकांत जपून ठेविलें आहे.

आतां ह्या गोष्टींत आहे तरी काय, तें थोडेंसें पाहूं.

एका माणसास दोन बायका होत्या. मोठीच्या डोक्यावर केस जवळजवळ नव्हतेच, आणि धाकटीवर नवऱ्याचा जीव. नवरा परगांवीं असतां दोघींचें भांडण झालें. धाकटीनें रागाच्या भरांत मोठीचे उरलेसुरले केस उपटले आणि तिला घराबाहेर काढलें. ती बिचारी रडत रानांत चालली. वाटेंत कापसाचें झाड लागलें, त्याभोंवतीं कचरा होता. तिनें तो झाडून काढिला. पुढें केळ लागली, मग एक बैल, मग तुळस. कोणाची जागा तिनें स्वच्छ केली, कोणास वंदन केलें, आणि सर्वांनीं तिला आशीर्वाद दिला. शेवटीं एका मुनीनें तिला तळ्यांत बुडी मारण्यास सांगितलें, मात्र एकच. ती वर आली तों लांबसडक केंस आणि सुंदर रूप! ती धनसंपन्न होऊन घरीं परतली. तें पाहून धाकटीहि त्याच वाटेनें धांवली. पण झाडाकडे, बैलाकडे, तुळशीकडे तिनें ढुंकूनहि पाहिलें नाहीं. तळ्यांत एका बुडीनें ती सुंदर झाली, परंतु दुसऱ्या बुडीनें दुप्पट सुंदर होऊं ह्या लोभानें तिनें पुन्हां बुडी मारली आणि होतें तेंहि रूप घालवून बसली. सेवा, नम्रता आणि समाधान यांवर व्याख्यान दिलें असतें तर मुलें पेंगलीं असतीं. ही गोष्ट ऐकतांना एकहि मूल पेंगणार नाहीं.

दुसरी गोष्ट एका राजाची व त्याच्या मुलांची. राजपुत्र रात्रीं आळीपाळीनें नगराची गस्त घालीत. धाकट्यास कळलें, कीं आज रात्रीं साप राजास दंश करणार. त्यानें शयनगृहांत शिरून नागाचे तुकडे केले. परंतु एक विषारी थेंब निजलेल्या राणीच्या अंगावर उडाला. तो पुसून काढीत असतां राणी जागी झाली व भलताच संशय घेऊन बसली. राजानें क्रोधानें शिक्षा ठरविली. तेव्हां थोरल्या मुलापासून प्रत्येकानें बापास एकेक गोष्ट सांगितली, आणि प्रत्येकींत घाईनें निरपराध्याचा जीव घेऊन मागाहून ऊर बडविणाऱ्या माणसाची कहाणी होती. ब्राह्मणी आणि मुंगूस यांची पंचतंत्रांतील गोष्ट आमच्या मुलांस ठाऊक आहेच. हें तिचेंच दुसरें अंग. ज्याच्या हातीं दंड आहे त्यानें आधीं चौकशी करावी, हा धडा मुलांपेक्षां आम्हां वडील मंडळीस अधिक लागू आहे, हें आम्ही येथें कबूल करितों.

तिसरी गोष्ट हंसविणारी आहे. घरीं बोलणीं खाऊन बाहेर पडलेला एक न्हावी रात्रीं झाडाखालीं बसला असतां एक भूत त्यास खावयास आलें. न्हाव्याचे पाय लटपटले, पण बुद्धि लटपटली नाहीं. त्यानें आपल्या धोकटींतला आरसा काढून भुतासमोर धरला आणि तुझ्यासारखें एक भूत मीं आधींच पिशवींत कोंडलें आहे, आतां तुझी पाळी, असें बजावलें. आपलेंच तोंड पाहून भूत घाबरलें आणि सुटकेसाठीं मोहोरा आणून देण्यास कबूल झालें. ही गोष्ट त्या म्हाताऱ्या न्हाव्यानेंच सांगितली असावी, असें मानण्याचा आम्हांस मोह होतो. तींतील मर्म असें, कीं बहुतेक भयें आपल्याच तोंडाचीं प्रतिबिंबें असतात.

ह्या गोष्टींत सर्वत्र नीतीचाच जय होतो, असें मात्र कोणी समजूं नये. त्यांत दोन पक्क्या चोरांचीहि एक गोष्ट आहे व त्यांची चतुराई वाचून हंसूं येतें. भुतें आहेत, राक्षस आहेत, शनि आणि लक्ष्मी यांचा कलह आहे, गरीब ब्राह्मणास लाह्या देणारी दुर्गा आहे. ज्या तरुणानें अठराव्या वर्षाच्या आंत जुन्या धर्माविरुद्ध निबंध लिहिला, त्यानेंच साठीच्या उंबरठ्यावर ह्या कथा एकहि देव न वगळतां, आपल्या धर्माचें एकहि प्रवचन मध्यें न घालतां, जशा ऐकिल्या तशा लिहून काढिल्या. लेखणी हातीं असतां ही संयमाची गोष्ट फार थोड्यांस साधते. दुसऱ्याची ठेव सांभाळावयाची असेल तर ती आपल्या मापानें कापूं नये, हें त्यांस पटलें होतें.

ह्या श्रमांतून लालबिहारींस आणखी एक सत्य दिसलें. लाह्या देणारें मडकें चोरीस गेल्यावर त्या ब्राह्मणास दुसरें मडकें मिळतें व त्यांतून निघालेलीं भुतें चोरास चोपून काढितात. जर्मनींतील ग्रिमबंधूंच्या संग्रहांतहि खाणें वाढणारें टेबल चोरणाऱ्या खाणावळवाल्यास पिशवींतील सोटा असाच चोपतो. टक्कल पडलेल्या बायकोसारखीच तेथें होलेबाईची गोष्ट आहे. त्यांतहि वाटेवरच्या झाडाची हांक ऐकणारी मुलगी सुखी होते आणि न ऐकणारी फसते. गंगेकांठचा उघडा शेतकरी आणि थेम्सकांठचा पोशाखी इंग्रज हे दूरचे कां होईना पण भाऊबंद आहेत, हें ह्या कथा सिद्ध करितात, अशी लालबिहारींची धारणा होती. गोष्टी एका देशांतून दुसऱ्या देशांत कशा पोंचल्या, ह्याविषयीं पंडितांत पुढें पुष्कळ वाद झाले. परंतु राज्यकर्ते आणि रयत यांत मोठें अंतर मानलें जात असे अशा काळीं एका हिंदी लेखकानें हें नातें लंडनमध्यें छापून सांगितलें, ह्यांतील धैर्य आमच्या ध्यानांत यावें.

गुण गाइले तसें उणेंहि सांगितलें पाहिजे. हा संग्रह इंग्रजींत निघाला. ज्यांनीं गोष्टी सांगितल्या त्या माणसांस तो वाचतां येण्यासारखा नव्हता. बंगाली मुलांस त्यांच्याच भाषेंत असा गाजलेला संग्रह मिळण्यास १९०७ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं दक्षिणारंजन मित्र मजुमदार यांचें ठाकुरमार झुली, म्हणजे आजीबाईंची झोळी, हें पुस्तक निघालें व त्यास रवींद्रनाथांनीं प्रस्तावना लिहिली. दुसरें उणें असें, कीं ती ख्रिस्ती बाई, ते दोन ब्राह्मण, तो न्हावी आणि तो गडी, यांपैकीं एकाचेंहि नांव लालबिहारींच्या प्रस्तावनेंत नाहीं. आमच्याकडे १८६८ सालीं, म्हणजे पंधरा वर्षें आधीं, मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांची कन्या मेरी फ्रिअर हिनें दख्खनच्या कथांचें पुस्तक काढिलें. त्यांत गोष्टी सांगणाऱ्या आयेचें, ॲना लिबेराता डिसूझा हिचें, नांव दिलें आहे आणि तिच्या आयुष्याची हकीकतहि दिली आहे. तेवढा मान त्या म्हाताऱ्या न्हाव्यास मिळता तर बरें झालें असतें.

नोकरींतून निवृत्त झाल्यानंतर कांहीं वर्षांनीं लालबिहारींनीं देह ठेविला. त्यांच्या पश्चात् १९१२ सालीं त्यांच्या लोककथांची नवी आवृत्ति वॉरविक गोबल ह्या चित्रकाराच्या रंगीत चित्रांसह निघाली व ती देशोदेशींच्या मुलांच्या हातीं गेली. त्यांचीं इतर पत्रें, व्याख्यानें आणि वादविवाद आज बहुतेक अभ्यासकांपुरतेच राहिले आहेत. परंतु एका अडाणी म्हातारीपासून प्रेरणा घेऊन जमविलेल्या त्या बावीस गोष्टी अजून वाचल्या जातात. प्रोफेसरांची कीर्ति शंभूच्या आईनें राखली, असेंच म्हणावयाचें.

विद्यार्थिमित्रहो, ह्या चरित्रांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे. दारिद्र्यांतील चिकाटी आहे, हक्कासाठीं निर्भयपणा आहे, गुरूविषयीं कृतज्ञता आहे. पण आम्हांस सर्वांत मोठी वाटते ती त्यांची ती एक चूक आणि तिचें त्यांनीं केलेलें प्रायश्चित्त. चार इयत्ता शिकल्या कीं आजीची भाषा गांवढळ वाटूं लागते, तिच्या गोष्टी पोरकट वाटूं लागतात, आणि ती बोलूं लागली कीं आम्ही पुस्तकांत डोकें घालून बसतों. लालबिहारींसारख्या तीव्र स्मरणाच्या माणसासहि ऐकलेल्या गोष्टी पुन्हां आठवल्या नाहींत. मग तुम्हांआम्हांस कोठून आठवणार? शंभूची आई गेल्यावर त्यांस दुसरी म्हातारी शोधावी लागली. तुमची आजी अजून घरीं असेल, तर तुम्हांस शोधावयास नको. यंदाच्या सुटींत घरीं जाल तेव्हां एक कोरी वही बरोबर न्या. आजी, आजोबा, शेजारच्या मावशी, शेतावरचा जुना गडी, ज्यास गोष्ट येते त्याच्यापाशीं बसा. जशी ऐकाल तशीच लिहा. पदरची भर घालूं नका, आणि न समजलेला शब्दहि गाळूं नका. वर सांगणाराचें नांव, गांव आणि तारीख घाला. लालबिहारींच्या हातून जें राहिलें तें तुमच्या हातून होऊं द्या.

आणि पालकांस आमची एवढीच विनंति, कीं वडील माणूस गोष्ट सांगावयास बसलें म्हणजे अभ्यास बुडतो म्हणून मुलांस तेथून उठवूं नये. तो अभ्यासच चालू आहे असें समजावें.